पन्नास ग्रॅम भाजी

पन्नास ग्रॅम भाजी म्हणजे फार काही नाही. एक लहानसा टोमॅटो, किंवा दुधीच्या चार-पाच फोडी, किंवा निवडलेल्या मेथीच्या दोन सैल मुठी. घरी कढईच्या तळाशी एवढी भाजी उरली तर संध्याकाळी कुणीतरी ती शिळ्या पोळीबरोबर संपवून टाकतो. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत दुपारी जे गरम जेवण मिळते, त्याच्या सरकारी मापात तिची स्वतंत्र ओळ आहे : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलांना हेच माप दीडपट.

आता गुणाकार करून पाहू. ज्या योजनेला आपण शालेय पोषण आहार म्हणतो, तिचे २०२१ साली 'पीएम पोषण' असे नामकरण झाले. त्या वेळच्या सरकारी आकड्यांनुसार तिच्या कक्षेत ११.८० कोटी मुले आणि ११.२० लाख शाळा होत्या. सगळी मुले एकाच दिवशी पंगतीला बसली आणि मोठ्यांनाही धाकट्यांचेच माप लावले, तरी एका दुपारसाठी ५,९०० टन भाजी लागते. दहा टनी ट्रक धरले तर ५९० ट्रक. आणि उद्या सकाळी पुन्हा तितकेच.

हा आकडा मोठा आहे म्हणून मला आश्चर्य वाटत नाही. तांदळाचा आकडा याच्या दुप्पट आहे, आणि तांदूळ पोहोचतोच की. पंजाबात किंवा छत्तीसगडात पिकलेला भात गिरणीतून अन्न महामंडळाच्या गोदामात जातो, तिथून रेल्वेने निघतो, पुरवठादाराच्या ट्रकमधून शाळेच्या खोलीत येतो आणि कोपऱ्यात फळीवर महिना-दोन महिने निवांत पडून राहतो. डाळीचे तसेच, तेल-तिखट-मिठाचेही तसेच. मंत्रालयात बसून या तिन्ही ओळी पुऱ्या करता येतात. भाजीची ओळ येत नाही. दिल्लीतला किंवा मुंबईतला कितीही हुशार अधिकारी अक्कलकुव्याच्या एका पाड्यावरच्या चाळीस मुलांसाठी दोन किलो मेथी धाडू शकत नाही. ती मेथी पाड्याच्या जवळपासच कुठेतरी उगवली पाहिजे, कुणीतरी ती सकाळी खुडली पाहिजे, आणि कुणीतरी तिचे पैसे दिले पाहिजेत. देशातली इतकी मोठी योजना रोज अकरा लाख ठिकाणी शेवटच्या टप्प्यात गावावर अवलंबून असते. मला थक्क करते ते हे.

दुपारच्या जेवणाचा प्रवासही असाच हळूहळू गावाकडे सरकत आलेला आहे. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली, पी. त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे प्रमुख होते, आणि दर मुलामागे दिवसाला एक आण्याहून जास्त खर्च करायचा नाही अशी अट होती. तिथले मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ पासून ही कल्पना राज्यभर नेली, नंतरचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा आवाका कितीतरी वाढवला. केंद्र सरकारची योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण बहुतेक राज्यांत तेव्हा जेवण शिजतच नव्हते. महिन्याला तीन किलो धान्य पिशवीत घालून मूल घरी न्यायचे आणि ते घरच्या डब्यात मिसळून जायचे. त्यातले किती त्या मुलाच्या पोटात गेले, हे शोधायचे कुणी आणि कसे?

ती पिशवी थांबली न्यायालयामुळे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य सडत होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने राज्यांना सांगितले : शिजवलेले अन्न द्या, रोज किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाकाठी किमान २०० दिवस. 'शिजवलेले' या एका अटीने सगळे बदलले. चूल हवी, पाणी हवे, सरपण किंवा गॅस हवा, स्वयंपाक करणारे माणूस हवे, आणि भाजी हवी. तोवर शाळेत पोते आणून टाकले की योजना संपत होती. आता पोते उघडल्यावर ती सुरू होऊ लागली.

ताटाकडे जरा जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

ढोबळ हिशेबाने १०० ग्रॅम तांदळातून ३४० उष्मांक मिळतात, २० ग्रॅम डाळीतून ७०, पाच ग्रॅम तेलातून ४५. पन्नास ग्रॅम भाजीतून फक्त २५, आणि प्रथिनांच्या रकान्यात तिच्यापुढे जवळजवळ शून्य. केवळ हा तक्ता पाहणारा काटकसरी माणूस म्हणेल, भाजी काढून टाका, दोन चमचे भात वाढवा, पैसेही वाचतील. कागदावर त्याचे बरोबर आहे.

पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदळात असते. दोघे एका घासात आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी अमिनो आम्लांचे नावही ऐकले नव्हते, तरी वरण-भाताची आणि खिचडीची जोडी त्यांनी कधी फोडली नाही. आता या जोडीत टोमॅटो येतो, किंवा अंबाडी, किंवा वरून पिळलेले लिंबू. डाळीत आणि तांदळात लोह असते, पण ते अशा रूपात असते की आतडे त्यातले फारच थोडे आत घेते. क जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप बदलते आणि ते शोषले जाऊ लागते. म्हणजे भाजीचे काम केवळ स्वतःचे देण्याचे नाही. ताटात आधीच असलेले, पण वाया जाणारे लोह ती मुलाच्या रक्तापर्यंत पोचवते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, पण कॅरोटीन शोषायला स्निग्धांश लागतो. मापातले ते पाच ग्रॅम तेल फोडणीपुरते वाटते, ते इथे कामाला येते.

मोड आलेल्या मटकीची उसळ महाराष्ट्राच्या शालेय पाककृतींत आहे, आणि ती नुसती चवीसाठी नाही. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व नसल्यात जमा असते. ती रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली की एका-दोन दिवसांत दाण्यात ते तयार होऊ लागते. शिवाय दाण्यातल्या फायटेट या द्रव्याने लोह आणि जस्त अडवून धरलेले असते. मोड येताना दाण्यातलेच एक विकर ते फायटेट फोडू लागते. फडके, पाणी, थोडी ऊब : यंत्र नाही, वीज नाही. एवढ्या साधनांत शाळेच्या खोलीत एक छोटासा रासायनिक कारखाना चालतो आणि मुले त्याला उसळ म्हणतात.

आणि मग वेळ. पालेभाजी खुडल्या क्षणापासून तिच्यातले क जीवनसत्त्व कमी व्हायला लागते. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पालकातले ते दोन-तीन दिवसांत बरेचसे गेलेले असते. शिजल्यावर अन्न तासन्‌तास गरम ठेवले तरी ते घटत राहते. त्यामुळे सकाळी शेजारच्या वाफ्यातून आलेली आणि साडेअकराला कढईत पडलेली भाजी, आणि बाजार समितीतून फिरून तिसऱ्या दिवशी आलेली, मग दूरच्या मोठ्या स्वयंपाकघरात पहाटे शिजून दुपारी वाढलेली भाजी, या वजनाने सारख्या असतील, पण मुलाला त्यांतून मिळणारे सारखे नसते. अंतर हा इथे पोषणाचाच एक घटक ठरतो.

लोह आणि फोलिक आम्ल लांबून पाठवता येईल का, हा प्रयत्नही झाला. २०२१ नंतर या योजनेत पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे कण बनवतात, आणि साधारण शंभर दाण्यांत असा एक मिसळतात. गावोगावी बायकांनी तांदूळ धुताना हे दाणे तरंगताना पाहिले आणि 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी ओरड उठली. वेचून फेकलेही अनेकांनी. मला त्या बायकांचे मुळीच नवल वाटत नाही. ज्या अन्नाचे मूळ दिसत नाही, त्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के रक्तक्षयी आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसले, तेव्हा लोहाचा प्रत्येक मार्ग चोखाळून पाहायला हवा हे खरेच. पण दाण्यात कोंबलेल्या तीन गोष्टींनी भाजीतल्या तीसेक गोष्टींची जागा भरत नाही.

या जेवणाचा परिणाम किती खोल जातो, यावरचे एक संशोधन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचून खात्री करावी लागली. २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात ते आले. संशोधकांनी १९९३ ते २०१६ या काळातल्या देशव्यापी पाहण्या जोडून पाहिल्या. ज्या बायकांना लहानपणी शाळेत दुपारचे जेवण मिळाले होते, त्यांची पुढे झालेली मुले वयाच्या मानाने अधिक उंच निघाली. गरीब घरांत हा फरक अधिक ठळक होता. आईने सातव्या वर्षी खाल्लेली खिचडी तिच्या न जन्मलेल्या मुलाच्या हाडांत उतरली, असेच म्हणायचे! यात चमत्कार नाही, पायऱ्या आहेत. जेवणासाठी मुलगी शाळेत टिकली, जास्त शिकली, तिचे लग्न आणि पहिले बाळंतपण थोडे उशिरा झाले, गरोदरपणी ती दवाखान्यात गेली. आंध्र प्रदेशातल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले होते की अगदी लहानपणी दुष्काळामुळे वाढ खुंटलेल्या मुलांची ती तूट शाळेतल्या जेवणाने बरीच भरून निघाली. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या, असे न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले होते, त्यामागचे शहाणपण इथे कळते.

एवढे सगळे किती पैशांत? १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका ताटाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकच्या ताटाला १० रुपये १७ पैसे. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. या रकमेत डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन बसवायचे. बाजारात भाजी ४० रुपये किलो असेल तर पन्नास ग्रॅमचे दोन रुपये झाले. ८० झाली तर चार. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून पुढे गेला होता. त्या दिवसांत मापाप्रमाणे टोमॅटो घालायचा म्हटला तर तेव्हाच्या पूर्ण ताटाची रक्कम त्यात गेली असती. अशा वेळी काय होते ते कुणालाही विचारा. भाजी बारीक होते, पातळ होते, मग खिचडीत फक्त बटाट्याच्या दोन फोडी दिसतात. चोरी झाली असे दर वेळी नसते. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांत जेवढे मावते तेवढेच मावते.

आणि रांधणारी? पंचवीसपर्यंत पट असेल तर एक स्वयंपाकी तथा मदतनीस, शंभरापर्यंत दोन, पुढच्या दर शंभराला आणखी एक. देशभरात अशा सुमारे पंचवीस लाख, आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायका. २००९ साली केंद्राने त्यांचे मानधन महिन्याला १००० रुपये ठरवले, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचे, आणि पुढे दशकाहून अधिक काळ केंद्राच्या हिशेबात तो आकडा हलला नाही. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून तो २५०० वर नेला आहे. तांदूळ निवडायचा, भाजी चिरायची, साठ-सत्तर ताटे वाढायची, भांडी घासायची, आणि त्याला वेतन म्हणायचे नाही, 'मानधन' म्हणायचे. मोठी योजना इतक्या स्वस्तात का चालते, याचे एक उत्तर या बायकांच्या पाठीवर आहे.

समतेचा प्रश्नही याच चुलीपाशी येऊन ठेपतो. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना प्राधान्य द्या. त्या आदेशाची ताकद मला वर्षांनंतर कळली. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसणे ही एक गोष्ट. दलित बाईने रांधलेले अन्न त्या सगळ्यांनी खाणे ही त्याहून पुढची. ते सगळीकडे सुखासुखी झाले नाही. उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित बाईच्या हातचे जेवायला नकार दिला, तिला कामावरून काढले, आणि गाजावाजा झाल्यावर परत घेतले. गाव म्हणजे आपुलकी, असे मानून चालणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. जवळच्या माणसांवर सोपवले की जवळच्या माणसांचे पूर्वग्रहही ताटात येतात.

तसेच निष्काळजीपणही येते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने जेवण चाखायचे, हा नियम २०१५ च्या नियमावलीत पक्का झाला, तो या पार्श्वभूमीवर. आपल्याकडच्या शाळांत जी चव नोंदवही असते, तिच्यात मुख्याध्यापक रोज 'चव चांगली' असे लिहून सही करतात. कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या सहीमागे तेवीस मुले आहेत.

मग यंत्राने चालणारे मोठे स्वयंपाकघर बरे नाही का? शहरात जिथे शाळेला अंगणच नाही, तिथे बरे, कधी कधी तर अपरिहार्यच. बंगळूरच्या 'अक्षय पात्र'ने २००० साली पाच शाळांतल्या १,५०० मुलांपासून सुरुवात केली आणि आज त्यांची स्वयंपाकघरे पाहायला परदेशातून माणसे येतात. तिथली स्वच्छता वादातीत असेल. पण मोठ्या स्वयंपाकघराला मोठा पुरवठादार लागतो, आणि पाड्यावरच्या दोन वाफ्यांशी त्याचा व्यवहार जमत नाही.

हा व्यवहार कायद्याने जमवून दाखवला तो ब्राझीलने. तिथे शाळेतले जेवण १९५५ पासून आहे, आणि कितीतरी दशके ते आपल्या पोत्यासारखेच होते : लांबून आलेली पावडर, बिस्किटे, डबाबंद मांस. १६ जून २००९ रोजी तिथे कायदा क्रमांक ११,९४७ झाला. त्याच्या चौदाव्या कलमात एक ओळ आली : केंद्राकडून शालेय आहारासाठी मिळणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के पैसे कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी खर्च करायचे. आपण स्वयंपाकीणबाईंचे मानधन ठरवत होतो, त्याच वर्षातली ही गोष्ट.

तीस टक्के हा आकडा ऐकायला साधा आहे. त्याची करामत तो राबवण्याच्या पद्धतीत आहे. सरकारी खरेदी म्हटली की निविदा आली, आणि निविदा म्हटली की सर्वात कमी भाव देणारा जिंकतो. तो नेहमी मोठाच असतो. ब्राझीलने या तीस टक्क्यांसाठी निविदाच बाजूला ठेवली. नगरपालिका आधी स्थानिक बाजारांतून भाव गोळा करते, त्यांची सरासरी काढते आणि तो भाव जाहीर करते : अमुक किलो भोपळा, तमुक किलो केळी, या भावाने, या महिन्यांत हवी आहेत, कोण देणार? भाव आधीच ठरलेला असल्याने शेतकऱ्यांना एकमेकांचा भाव पाडावा लागत नाही. मग निवड कशावर? आधी त्याच गावचा, मग त्या भागातला, मग राज्यातला. जमीन-सुधारणेत वसवलेली कुटुंबे, आदिवासी, आणि गुलामीतून पळून गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या वस्त्या यांना अग्रक्रम. सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जास्त भाव देता येतो. कुटुंबाकडून घेतलेल्या मालात निदान अर्धी विक्री घरातल्या बाईच्या नावावर असावी, अशी तरतूद २०२३ साली झाली.

या साखळीत पोषणतज्ज्ञ कायद्यानेच बसवलेली आहे, आणि तिचे काम मला सर्वात आवडते. आठवड्याचा आहार ठरवण्याआधी तिला भागात काय पिकते, कोणत्या महिन्यात पिकते, कोण किती देऊ शकेल हे पाहावे लागते. आपल्याकडे शाळेला मिळणारे वेळापत्रक वरून येते : सोमवारी हे, मंगळवारी ते, कोकणातही तेच आणि मराठवाड्यातही तेच. तिथे आधी शेताची पाहणी होते, मग ताटाची आखणी. शेतकऱ्याला पेरताना माहीत असते की याला गिऱ्हाईक आहे. आणि ते गिऱ्हाईक कधी बुडवत नाही, कारण ती शाळा आहे. रोज सुमारे पाच कोटी ताटे, चार कोटी मुले. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची ओंजळ लहान शेतकऱ्यांकडे वळवली, तर किती शेते उभी राहतात याचा अंदाज करा.

सगळे गोड आहे असे नाही. पहिली काही वर्षे कितीतरी नगरपालिकांना ३० टक्के गाठता आले नाहीत. शेतकऱ्याकडे पात्रतेचा कागद नसायचा, माल पुरेसा नसायचा, गाडी नसायची. साओ पावलो राज्यात शालेय आहाराच्या खरेदीतला मोठा घोटाळा २०१६ मध्ये उघडकीस आला. तरीही कायदा मागे घेतला गेला नाही. २०२५ साली दुरुस्ती होऊन, २०२६ पासून तीसचे ४५ टक्के करायचे ठरले.

ब्राझीलच्या कथेतला माझा सर्वात लाडका भाग अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला आहे. तिथल्या आदिवासी शाळांना शहरातून होडीने जेवण जायचे : डबाबंद सॉसेज, बिस्किटे. कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर पोचायचे, कधी खराब होऊन. आणि शाळेसमोरच्या नदीत मासे, झाडावर असाईची फळे, घराघरात कसाव्याचे पीठ! पण मासे शाळेला विकायचे तर आरोग्य खात्याचा शिक्का हवा, आणि जंगलात तपासनीस कुठून यायचा? २०१७ साली तिथल्या सरकारी अभियोक्त्यांनी एक टिपण काढले. त्यांचा मुद्दा असा : आई घरी जो मासा मुलाला खाऊ घालते, तोच मासा तीच आई त्याच वस्तीतल्या शाळेला देते, तेव्हा तो व्यापार नाही, घरातलाच उपभोग आहे, त्याला कारखान्याचे नियम लावू नका. एका टिपणाने कितीतरी शाळांची दारे त्यांच्याच नदीकडे उघडली. कायदा न बदलता, फक्त तो नीट वाचून.

आपल्या अंगणात हे कितपत उतरेल? 'पीएम पोषण'च्या मार्गदर्शक सूचनांत शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करा, स्थानिक पिकांना जागा द्या असे लिहिलेले आहे. गोव्यात बचत गटांच्या बायका वर्षानुवर्षे शाळांना पाव-भाजी पुरवत आल्या आहेत. पण 'सामील करा' आणि 'तीस टक्के द्या' यांत फरक आहे. पहिल्याने पत्रक निघते, दुसऱ्याने शेतकऱ्याला पेरणीआधी भरवसा मिळतो.

अंड्याचे उदाहरण घ्या. प्रथिने, बी-१२, आणि तेही गावातच मिळणारे. अंड्यात पाणी घालता येत नाही, ते पातळ करता येत नाही, आणि प्रत्येकाला एक म्हणजे एकच येते. समतेसाठी याहून चोख वाटप माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून जमले तर द्या असे सांगण्यात आले. लोकसहभाग कुठे जमतो? जिथे लोकांकडे आधीच थोडे आहे तिथे. ज्या पाड्यावर अंड्याची खरी गरज, तिथे वर्गणी कोण काढणार? तमिळनाडूत मुलांना अंडे मिळते, आणि त्यामागे नामक्कलच्या कोंबडीपालकांचा मोठा धंदा उभा आहे. आमच्याकडे परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना शाळा हे गिऱ्हाईक होऊ शकले असते.

भाजीच्या बाबतीत मात्र काही शाळांनी सरकारची वाट पाहिलेली नाही. परसबागा आहेत, हात धुतलेले आणि तांदूळ धुतलेले पाणी अळूच्या वाफ्यात सोडलेले आहे. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर, आणि तेव्हाच बाजारात भाजी सर्वात महाग असते. त्याच आठवड्यांत पालघरपासून गडचिरोलीपर्यंत रानात मात्र फुकटची भाजी उगवलेली असते : टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळे. यांतले कोणते कसे खायचे ते वेळापत्रक ठरवणाऱ्याला माहीत नसते, स्वयंपाकीणबाईला माहीत असते. शेवळे नुसते शिजवले तर घसा खवखवतो, म्हणून त्यात काकडे नावाची आंबट फळे घालतात. हे ज्ञान कोणत्याही पत्रकात नाही. तिला आहार ठरवणाऱ्या बैठकीत बोलावले पाहिजे, आणि तेवढ्या वेळाचे पैसेही दिले पाहिजेत.

पाककृतींच्या यादीत मूग-शेवग्याचे वरण आहेच. शेवग्याची फांदी जूनमध्ये कुंपणाला खोचली तर श्रावण-भाद्रपदात पाला खुडायला येतो. शेंगांना त्याहून वेळ लागतो, पण वरणात पालाही चालतो. चाळीस मुलांच्या शाळेला रोज दोन किलो भाजी लागते, हे धरून किती फांद्या लावायच्या हे शाळा व्यवस्थापन समितीला मेमध्येच काढता येईल, आणि जे कुंपणात मावणार नाही ते गावात कोण लावणार, कोणत्या भावाने, हेही त्याच बैठकीत ठरवता येईल.